व्यंकटचे मार्क

शेवटच्या श्रावणी शनिवारी सकाळी अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी दुबलगुंडीचे निवृत्त हेडमास्तर प्रेमानंद गुरुजी एकाच वेळी दोन ठिकाणी होते. स्वतः ते राघोबाच्या हॉटेलात भज्यांच्या दुसऱ्या प्लेटीसमोर बसले होते. आणि त्यांच्या नावावरची साखर गावाबाहेर दीड किलोमीटरवर, दुसऱ्याच माणसाच्या दंडात, उपाशी होती.

ही गोष्ट फक्त दोघांना माहीत होती. एक गुरुजी, दुसरा तो दंडवाला. साठ किलोमीटरवर कलबुर्गीत, म्हणजे जुन्या गुलबर्ग्यात, एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणाऱ्या गुरुजींच्या मुलीला, पंचशीलाला, हे माहीत नव्हतं. तिच्या कंप्युटरला तर कुणी सांगायचा प्रश्नच नव्हता. तो दर पाच मिनिटांनी इमानदारीत आकडा आणून समोर ठेवत होता. अकरा पस्तीसला त्यानं अठ्ठ्याहत्तर ठेवला. शेजारी खाली तोंड केलेला एक बाण.

याची सुरुवात उन्हाळ्यातल्या तपासणी शिबिरात झाली. गुरुजींची साखर तीनशे बारा निघाली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि "कमी करा" एवढंच म्हणाले. बायको जाऊन चार वर्षं झालेली, घरात विचारणारं कुणी नाही, आणि गुरुजींच्या घरापासून राघोबाची कढई ऐंशी पावलांवर. मुलीनं हिशेब केला आणि दंडाला चिकटवायची टिकली आणली. नाण्याएवढी पांढरी टिकली, आत केसासारखी बारीक सुई. ती चौदा दिवस साखर मोजते आणि वीस फुटांच्या आत असलेल्या फोनला सांगते. फोन ते कंपनीला कळवतो. त्यासाठी पंचशीलानं एक मोठा फोनही घेऊन दिला. गुरुजींचा बटनांचा फोन बोलण्यापुरता राहिला.

कंपनीचं स्वतःचं ॲप होतंच, पण पंचशीलाला आकडा आपल्या कंप्युटरवर, आपल्या पद्धतीनं हवा होता. जगाच्या कुठल्याशा कोपऱ्यातल्या एका सज्जनानं त्यासाठी छोटीशी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमचा तयार तुकडा, लिहून सगळ्यांसाठी फुकट ठेवली होती. नाव आणि पासवर्ड दिला की ती शेवटचा आकडा, त्याची वेळ आणि बाणाची दिशा आणून देते. दुसरं काही करत नाही, काही विचारत नाही. पंचशीलानं तिच्यावर तीस ओळींचा प्रोग्रॅम रचला. दोनशेच्या वर गेलं की पिवळं, सत्तरच्या खाली गेलं की लाल आणि घंटा. लायब्ररी म्हटल्यावर गुरुजींनी कपाट केवढं आहे ते विचारलं होतं.

पहिले चौदा दिवस गुरुजींनी टिकली स्वतः वापरली आणि त्यात त्यांना आयुष्याची शिक्षा भोगून झाली. चार वाजून दहा मिनिटांनी जिलेबी खावी, चार पस्तीसला फोन. "अप्पा, काय खाल्लाव?" छत्तीस वर्षं त्यांनी पोरांच्या खिशातली बोरं पकडली होती, आता त्यांचाच खिसा रक्तातून तपासला जात होता. वर मुलीनं आलेख घरच्या ग्रुपवर टाकला. उदगीरच्या साडूंनी विचारलं, मंगळवारी सायंकाळी लाडू होता का? आपल्या रक्तात काय चाललंय हे आपल्याआधी उदगीरला कळावं, हे गुरुजींना पटेना.

म्हणून दुसरी टिकली त्यांनी व्यंकटच्या दंडाला चिकटवली.

व्यंकट त्यांचा चौथीपर्यंतचा वर्गमित्र. पुढं गुरुजी पाचवीत गेले आणि व्यंकट गणितात दोनदा नापास होऊन शेतात गेला. अंगानं वाळक्या शेंगेसारखा. त्यालाही थोडी साखर होती, सरकारी दवाखान्यातली एक गोळी रोज सकाळी घ्यायचा.

"हे कामून माझ्या दंडाला?" त्यानं विचारलं होतं.

"तुझं रक्त शहाणं हाय म्हणून."

"मला काय मिळंल?"

"चहा. बिनसाखरेचा."

"मग तू काय पिणार?"

"ते विचारू नगंस."

मोठा फोन व्यंकटच्या बंडीच्या खिशात गेला. शाळेच्या सवयीनं गुरुजींनी त्याचा आवाज कायमचा बंद करून दिला. पंचशीला रोज सायंकाळी बटनाच्या फोनवर बोलायची, आणि त्या वेळी व्यंकट गुरुजींच्या ओट्यावर हजर असायचा, कारण त्याला निकाल ऐकायचा असे. इथपर्यंत ही साधी लबाडी होती, गावात याहून मोठ्या चालतात. पण पहिल्याच सायंकाळी पंचशीला म्हणाली, "अप्पा, आज दिवसभराची सरासरी एकशे अठरा. शाब्बास." गुरुजींनी शाब्बासकी प्रामाणिकपणे पुढं पोचवली. गणितात व्यंकटला आजवर कुणी शाब्बास म्हटलं नव्हतं. त्यानं दंडावरची टिकली बोटानं चाचपली.

मग म्हणाला, "किती व्हायला पायजे?"

डॉक्टरांनी गुरुजींना एकच दिशा सांगितली होती. "कमी तितकं बरं," गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून व्यंकटनं तीन भाकरींच्या दोन केल्या. एकशे बारा. दोनची एक केली. एकशे चार. एकदा पंचशीलानं तक्रार केली, की दुपारी फोन कुठं ठेवता, रेघेला रोज अकरा ते एक भोक पडायलंय. व्यंकटचं एक रान नाल्याकडं खोलात होतं, तिथं फोनला रेंज नसायची. गुरुजी त्याला म्हणाले, "नाल्यात तुझे मार्क पोचत न्हाईत." व्यंकटनं मान हलवली.

आणि आज शनिवार होता. व्यंकटच्या घरचा देव बालाजी. श्रावणातले शनिवार तो उपास धरायचा, शेवटचा निरंकार, पाणीसुद्धा नाही. सकाळी त्यानं कोरड्या घशानं गोळी मात्र गिळली होती. गोळी कुठं अन्न हाय?

अकरा चाळीसला कंप्युटरवर एकाहत्तर आलं. पंचशीला कॉलेजच्या स्टाफरूममध्ये एकटी होती. शनिवारचे अर्ध्या दिवसाचे वर्ग सुरू होते. तिनं वडिलांना फोन लावला.

"अप्पा, सकाळपासून काय खाल्लाव?"

"काही न्हाई की," गुरुजी भजं दुसऱ्या गालात सरकवत म्हणाले.

"म्हणूनच उतरायलंय. एकाहत्तर झालंय. साखर खावा."

एकाहत्तर. व्यंकटचा आजवरचा सर्वांत चांगला निकाल. गुरुजींना मनातून कौतुक वाटलं. "खातो," ते म्हणाले.

"आत्ता खावा. मी धरलेय फोन."

गुरुजींनी रिकाम्या बशीत चमचा वाजवला. "खाल्लो."

फोन खिशात ठेवून ते राघोबाला म्हणाले, "पोरगी साखर खा म्हणायली. डॉक्टर नगं म्हणतो. दोघांची गाठ घालून द्यायला पायजे." राघोबानं कढईतून मान वर न करता तिसरी प्लेट पुढं सरकवली.

अकरा पन्नासला साठ. पडदा लाल झाला, घंटा वाजली. पुन्हा फोन.

"अप्पा, खरंच खाल्लाव का?"

"दोन चमचे."

"मग उतरतंय कसं?"

"यंत्र हाय. चुकत असंल."

पंचशीलालाही तेच हवं होतं. यंत्र चुकत असेल तर बापाला काही होत नाही. तिनं आधी स्वतःचा प्रोग्रॅम तपासला. जुनाच आकडा पुन्हा पुन्हा येतोय का? आकड्याशेजारची वेळ दोन मिनिटांपूर्वीची होती. नाव अप्पांचंच होतं. कंपनीचं ॲप उघडलं, तिथंही साठ. कुठं मेला एखादा स्वल्पविराम चुकलेला सापडला असता तर तिनं त्याला ओवाळलं असतं. सापडला नाही. तीस ओळी बरोबर होत्या, म्हणजे आकडाही बरोबर होता.

अकरा पंचावन्नला पंचावन्न. तिनं राघोबाला फोन लावला.

"राघोबाकाका, अप्पा समोर हायत का?"

"हायत की. भजी खायलेत."

"कसे दिसायलेत?"

"हाय तसेच. दुसरे कुठून आणणार?"

"घाम आलाय का?"

"माझ्या कढईपुढं बसलेल्या समद्यालाच आलाय."

"हात थरथरायलाय?"

राघोबानं नीट पाहिलं. "भजं उचलताना तर न्हाई."

"काका, ऐका. त्यांची साखर लई खाली गेलीय. काही तरी गोड पाजा, तुमच्या डोळ्यांदेखत. ऐकले न्हाईत तर धरून पाजा. अन समोरून शिवकन्या अक्काला बोलवा."

राघोबानं चौथीत सतराच्या पाढ्यापायी गुरुजींच्या छड्या खाल्ल्या होत्या. "धरून" हा शब्द त्याला कळायला वेळ लागला नाही. दोघा गिऱ्हाइकांनी गुरुजींचे हात धरले, राघोबानं जिलेबीच्या पाकाचा पेला भरला.

"अरे मी ठणठणीत हाय," गुरुजी म्हणाले.

"ते पिल्यावर बोला."

"राघ्या, तुला सतरा सत्ते येत न्हाई अजून."

"एकशे एकोणीस. प्या."

गुरुजी प्याले. तेवढ्यात समोरच्या उपकेंद्रातून नर्स शिवकन्या आपला डबा घेऊन आली. तिनं काही न विचारता गुरुजींचं बोट पुसलं, टोचलं आणि थेंब पट्टीवर घेतला. यंत्र पाच आकडे मोजायला लागतात तेवढा वेळ थांबलं. मग ती राघोबाच्या हातातला फोन घेऊन म्हणाली, "पंचशीला, ह्यांची दोनशे एकोणनव्वद हाय. वरून तुमी पाक पाजलाव. आता तीनशेला टेकतेत बघ."

पंचशीलाच्या पडद्यावर बारा वाजले होते आणि एक्कावन्न आलं होतं.

एकाच माणसाचे दोन आकडे. ती उठून उभी राहिली. शिकवताना ती पोरांना सांगायची, उत्तर दोन आली तर आधी प्रश्न एकच आहे का बघा.

"अक्का, अप्पांच्या खिशात मोठा फोन हाय का? काळा?"

"बटनाचा हाय."

"मोठा?"

"न्हाई."

आकडा येतोय म्हणजे मोठा फोन टिकलीपासून वीस फुटांच्या आत आहे. फोन अप्पांजवळ नाही. "फोन स्पीकरवर करा," पंचशीला म्हणाली. "अप्पा, टिकली कुणाच्या दंडावर हाय?"

हॉटेलात बारा माणसं होती. त्यातली नऊ गुरुजींच्या हाताखालून गेलेली. खोटं बोलू नये या विषयावर त्या नवांनी गुरुजींसमोर निबंध लिहिलेले होते.

"कामून?" गुरुजींनी विचारलं.

"कारण ज्याच्या दंडावर हाय तो माणूस आता कधीबी बेशुद्ध पडतो. त्याच्याजवळ कुणी नसलं तर उठतबी न्हाई."

गुरुजींनी बशी बाजूला सरकवली. त्यांनी एकदा सगळ्यांच्या तोंडाकडं पाहिलं, आणि त्या नवांपैकी एकाच्याही डोळ्याला डोळा न देता म्हणाले, "व्यंकटच्या."

"कामून म्हणून त्यांच्या?" शिवकन्या म्हणाली.

"ते मागून सांगतो. त्याचा निरंकार हाय आज."

"अन गोळी?"

"घेतली असंल. तो काही चुकवत न्हाई."

शिवकन्यानं डबा बंद केला. "राघोबाअण्णा, गाडी काढा. पाक घ्या बरूबर."

राघोबानं गॅस बंद केला, जे त्यानं निवडणुकीच्या दिवशीही केलं नव्हतं, आणि पाक एका पिशवीत ओतून गाठ मारली. मोपेडवर पुढं राघोबा, मध्ये गुरुजी, मागं शिवकन्या. गुरुजींच्या एका हातात पाकाची पिशवी आणि शिवकन्याच्या कानाला राघोबाचा फोन. व्यंकटचं घर वेशीजवळ. त्याची बायको सुमनबाई दारात तूर निवडत बसली होती.

"व्यंकट कुठाय?" गुरुजींनी विचारलं.

"नाल्याकडं. सकाळीच गेलेत खुरपायला. काय झालंय?"

"त्याची साखर उतरलीय."

"तुमाला कसं कळलं? तुमी तर हितं हाव."

गुरुजींनी उलटा प्रश्न केला. "त्याच्या दंडाला काय लावलंय बगितलीस का?"

"वाताची पट्टी. तुमीच दिलाव म्हणे."

गुरुजींनी तोंड फिरवलं. राघोबानं गाडी नाल्याच्या वाटेला वळवली.

कलबुर्गीत बारा वाजून पाच मिनिटांनी सत्तेचाळीस आलं. पंचशीला फोनवर सगळं ऐकत होती, मोपेडची धाप, सुमनबाईचा आवाज, नाल्याचं नाव. आणि त्या नावावर तिचं लक्ष अडकलं. नाल्याकडं रेंज नसते हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. रेघेला रोज दुपारी पडणारं ते भोक तिनं आठवडाभर पाहिलं होतं. अप्पा झोपतात आणि फोन लोखंडी कपाटात ठेवतात असं तिनं ठरवून टाकलं होतं. ते भोक अप्पांचं नव्हतंच. ते नाल्याचं होतं. पण गेल्या मंगळवारपासून भोक पडलं नव्हतं. आणि आता, या मिनिटाला, आकडा येतोय.

"अक्का, थांबवा. गाडी थांबवा."

"काय झालं?"

"काका नाल्याकडं न्हाईत. तिथं असते तर मला आकडा आलाच नसता. त्यांचं वरचं रान कुठलं?"

"माळावरचं. लिंबाखाली."

"तिकडं जावा."

सुमनबाई मोपेडमागून पळत आली होती. तिनं हे ऐकलं आणि कमरेवर हात ठेवला. "माझा मालक कुठं गेला ते मला ठावं का गुलबर्ग्याच्या कंप्युटरला? खुरपं घेऊन गेलेत ते. माळावर काय खुरपायचं, दगडं?"

राघोबानं एक पाय जमिनीला टेकवला. डावीकडं नाला, उजवीकडं माळ. दोन्हीकडं सव्वा किलोमीटर. चुकलं तर परत यायला वीस मिनिटं. "गुरुजी, बोला," तो म्हणाला.

गुरुजींना आयुष्यात पहिल्यांदाच असं वाटलं की हा प्रश्न दुसऱ्या कुणाला तरी विचारावा. सुमनबाई चाळीस वर्षं संसार केलेली. मुलगी साठ किलोमीटरवर, डोळ्यांपुढं फक्त एक आकडा. "माळावर," ते म्हणाले. "सुमन, तू नाल्याकडं जा. आमी चुकलो तर तू बरूबर असशील."

"मी बरूबरच हाय," म्हणत सुमनबाई नाल्याच्या वाटेनं पळाली.

बारा दहाला त्रेचाळीस.

बारा पंधराला पंचशीलाच्या पडद्यावर आकडा आलाच नाही. प्रोग्रॅम बंद पडला आणि त्याजागी लाल ओळी सांडल्या. तिला वाटलं रेंज गेली. मग वाटलं फोन पडला असेल. मग जे वाटलं ते तिनं स्वतःला पूर्ण वाटू दिलं नाही. तिनं ओळी वाचल्या. प्रोग्रॅम म्हणत होता, मला अंक पाहिजे होता, मला अक्षरं मिळाली. टिकलीला चाळीसच्या खाली मोजता येत नाही. तिथून पुढं ती आकडा सोडून इंग्रजीत नुसतं 'लो' कळवते. खाली. किती खाली, ते नाही. तीस ओळी लिहिताना पंचशीलानं सगळं धरलं होतं. जिथं आकडेच संपतात अशी वेळ धरली नव्हती.

तीन वेळा चुकून तिनं दोन ओळी घातल्या: अक्षरं आली तर अक्षरं दाखव, पण थांबू नकोस. प्रोग्रॅम पुन्हा सुरू झाला. 'लो'. वेळ बारा पंधरा.

फोनमध्ये मोपेड थांबली. पावलं. वारा.

"व्यंक्या," अप्पांचा आवाज आला. मग आणखी मोठा, "व्यंक्या."

पावलं पळायला लागली.

"हाय," शिवकन्या म्हणाली. "लिंबाखाली हायत. फोन धरा राघोबाअण्णा."

व्यंकट खोडाला टेकून बसला होता. बंडी भिजून अंगाला चिकटलेली, डोळे अर्धे उघडे आणि कुठंच न पाहणारे. खुरपं मांडीवर आडवं. शिवकन्यानं गालावर थापट्या मारल्या तसा तो काही तरी पुटपुटला.

"पिशवी सोडा," ती म्हणाली. "वतू नगा, ठसका लागून जाईल. बोटानं गालाच्या आत चोळा. गुरुजी, तुमीच या, तुमाला वळखतेत."

पाकाचं बोट तोंडाशी गेलं आणि व्यंकटचे डोळे एकदम उघडले. "उपास हाय माझा," तो म्हणाला, आणि गुरुजींच्या छातीवर अशी लाथ बसली की टोपी उडाली. राघोबानं पाय धरले. व्यंकटनं दात आवळले.

"व्यंक्या, तोंड उघड."

"बाटवतोस व्हय रे. शनिवार हाय."

"पाप माझ्यावर टाक," गुरुजी म्हणाले. "तुझा देव मला वळखतच न्हाई. शोधणार कुठं?"

हे व्यंकटला कळलं की नाही ते सांगता येत नाही, पण हसायला म्हणून असेल, दातांची फट पडली. गुरुजींनी बोट आत घातलं. व्यंकटनं दात मिटले. ते तेच बोट होतं जे अर्ध्या तासापूर्वी टोचलं होतं. गुरुजींच्या डोळ्यांतून पाणी आलं, त्यांनी बोट काढलं नाही. दुसऱ्या हातानं पिशवीतून पाक घेऊन ते दुसऱ्या गालाला चोळत राहिले. शिवकन्या "अजून" म्हणायची, ते अजून चोळायचे.

"काय चाललंय?" फोनमधून पंचशीला विचारत होती. "कुणी तरी बोला."

"चावायलेत," राघोबा म्हणाला. "तुझ्या अप्पाला."

चावण्यातलं बळ हळूहळू कमी झालं. पहिल्यांदा गुरुजींना त्याचीच भीती वाटली. मग व्यंकटनं घोट गिळला. मग आणखी एक. बारा तीसला तो स्वतःहून पिशवीकडं तोंड नेऊन प्यायला लागला.

शिवकन्यानं त्याचं बोट टोचलं. "अठ्ठावन्न. चढायलंय, पंचशीला."

पंचशीलाच्या पडद्यावर 'लो' होतं.

टिकली रक्ताच्या दहा-पंधरा मिनिटं मागं चालते, हे तिला माहीत होतं. तिनंच ते ग्रुपवर उदगीरच्या साडूंना समजावून सांगितलं होतं. पण समोर 'लो' लिहिलेलं असताना माहीत असण्याचा उपयोग होत नाही. "पुन्हा टोचा," ती म्हणाली. बारा पस्तीस. 'लो'. "काकांना बोलायला लावा." "बोलायलेत," राघोबा म्हणाला, "शिव्या द्यायलेत." 'लो'. तिला शिव्या ऐकू येत होत्या, स्वच्छ, जुन्या, दुबलगुंडीच्या. तरी ती पडद्यावरून नजर हटवेना.

बारा पंचेचाळीसला चव्वेचाळीस आलं. बाण वर.

ती खुर्चीत बसली. मग लक्षात आलं की बारा वाजल्यापासून आपण उभ्याच आहोत.

नाल्याकडून सुमनबाई धापा टाकत माळावर आली. नवरा पाक पीत बसलेला, हेडमास्तर बोट रुमालात गुंडाळून बसलेले आणि राघोबा पाय धरलेला, हे तिनं एका नजरेत घेतलं. "माळावर कामून आलाव?" तिनं नवऱ्याला विचारलं. "खुरपं घेऊन?"

व्यंकटनं खाली पाहिलं. "नाल्यात मार्क पोचत न्हाईत."

"कसले मार्क?"

गुरुजींनी सांगितलं. सगळं सांगितलं, भज्यांपासून भाकऱ्यांपर्यंत. सांगताना ते उभे राहिले होते. सुमनबाईनं मध्ये एकदाही तोडलं नाही, हे त्यांना जास्त लागलं. सांगून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "एका भाकरीवर आलेत, तव्हा मला वाटलं माझ्या हाताची चव गेली."

शिवकन्यानं गोळी आणि उपास एका दिवशी घ्यायचे नाहीत, हे व्यंकटला तीनदा म्हणायला लावलं, आणि गाडी येईल तेव्हा हुमनाबादला डॉक्टरला दाखवायचं ठरलं, कारण त्या गोळीचा जोर दिवसभर राहतो.

एकच्या पुढं व्यंकटनं फोन मागितला. राघोबानं तो पाकानं चिकट झालेला फोन त्याच्या हातात दिला.

"पंचशीला, बाई."

"बोला, काका."

"तुला समदं कळलं म्हणं."

"कळलं."

"रागावलीस?"

"तुमच्यावर न्हाई."

गुरुजींनी माळाकडं पाहिलं. व्यंकट आवाज खाली आणून म्हणाला, "आज किती आलं?"

पंचशीलानं पडद्याकडं पाहिलं. "एकशे बारा."

"वाढलं की," व्यंकट ओशाळून म्हणाला. "काल एकशे चार होतं. उद्या कमी करतो बघ."

गुरुजींनी हात पुढं करून फोन काढून घेतला आणि मांडीवर ठेवला, चालूच. "व्यंक्या," ते म्हणाले, "कमी तितकं बरं, हे मी चुकीचं शिकवलो."

छत्तीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. राघोबानं ते ऐकलं आणि सायंकाळपर्यंत सगळं गाव ऐकणार हे उघड होतं.

व्यंकटनं पाकाची बोटं बंडीला पुसली. "ते ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "मी पास का नापास, तेवढं सांग."